गोदामातले कपडे, बंडीतला कापूस

प्रश्न : बाई, मी भिवंडीजवळच्या एका मोठ्या गोदामात कामाला आहे. ऑनलाइन मागवलेले आणि गिऱ्हाइकांनी परत पाठवलेले कपडे माझ्या टेबलावर येतात. लेबल बघायचं, डाग तपासायचा आणि तीन खोक्यांपैकी एकात टाकायचं. पहिलं पुन्हा विक्रीचं, दुसरं वजनावर विकायचं, तिसरं नष्ट करायचं. स्वस्तातला कुर्ता धुऊन, इस्त्री करून, नव्या पिशवीत घालून परत फळीवर ठेवायचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो, म्हणून तो तिसऱ्या खोक्यात जातो. माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते, लाल बावट्याचे. ते म्हणतात, "समाजवाद असता तर लोकांना लागतं तेवढंच कापड निघालं असतं." माझा मित्र म्हणतो, "रशियात दुकानंच रिकामी होती. जिथे टंचाई तिथे नासाडी कसली?" दोघांपैकी खरं कोणाचं?
— एक वाचक, भिवंडी

उत्तर : तुझं पत्र आलं त्या दिवसापासून ते तिसरं खोकं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी हिंगणघाटकडच्या एका कोरडवाहू कास्तकाराची मुलगी. एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं, पण या विषयाचं माझं शिक्षण आमच्या वावरात झालं. वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी आईची बोटं सोलून निघायची. मातीत पडलेला कापूससुद्धा ती उचलायची, फुंकर मारून कचरा काढायची आणि ओट्यात टाकायची. त्यामुळे कोरा कुर्ता नष्ट करायच्या खोक्यात जातो हे वाचून मला राग आला. तरी तुझ्या आजोबांना मी सरळ 'हो' म्हणू शकत नाही, आणि तुझ्या मित्राला तर नाहीच.

आजोबांची बाजू आधी मांडते, कारण ती भक्कम आहे आणि आजकाल कोणी मांडत नाही.

१९३३ सालची अमेरिका घे. मंदी येऊन चार वर्षं झाली होती. १९२९मध्ये पौंडाला सोळा-सतरा सेंट मिळवणारा कापूस सहा सेंटांच्या आसपास घसरला होता. गोदामं जुन्या गाठींनी भरलेली आणि शेतात नवं पीक उभं. तेव्हा सरकारने शेतमालकांना पैसे देऊन सुमारे एक कोटी एकर उभी पऱ्हाटी नांगरून टाकायला लावली. पाते-फुलांवर आलेलं पीक! त्या वेळच्या वर्णनांत एक गोष्ट येते, ती मी दरवर्षी वर्गात सांगायचे. नांगराला जुंपलेल्या खेचरांना पिकाच्या दोन ओळींच्या मधून चालायची, झाडावर पाय न ठेवण्याची सवय लावलेली होती. झाडं तुडवत चालायची वेळ आली तेव्हा ती अडून बसली. त्याच वर्षी साठेक लाख डुकरं, बरीचशी पिल्लंच, भाव वर यावा म्हणून मारली गेली. थोडं मांस गरिबांना वाटलं, पुष्कळशाचं खत झालं. तिकडे ब्राझीलने १९३१ ते १९४४ या काळात कॉफीची सुमारे सात कोटी ऐंशी लाख पोती नष्ट केली. आगगाडीच्या इंजिनातही कॉफी जाळून पाहिली.

आणि हे होत असताना त्याच अमेरिकेत अंगावर धड कपडा नसलेली माणसं होती. आजोबांच्या म्हणण्याचं मर्म इथे आहे. बाजाराला गरज दिसत नाही, खिशात पैसे असलेली गरज तेवढी दिसते. कापूस पिकवणाऱ्या कुळाच्या पोराला सदरा हवा होता, पण ती मागणी कुठल्याच हिशेबात येत नव्हती. पऱ्हाटी मोडल्याचे पैसे जमीनमालकाच्या हाती पडले. कुळांना त्यातलं फार थोडं मिळालं आणि पेरा कमी झाल्यामुळे पुष्कळांना घर सोडावं लागलं. त्यातूनच १९३४ साली आर्कान्सामध्ये गोऱ्या आणि काळ्या कुळांनी मिळून एक संघटना उभी केली. मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४८मध्येच अतिउत्पादनाला साथीच्या रोगाची उपमा दिली होती. पूर्वीच्या कुठल्याही काळाला जी गोष्ट वेडेपणा वाटली असती ती साथ, असा त्याचा भाव. खेचरांची हकिगत वाचली की मला तो शब्द पटतो.

तुझ्या टेबलावर जे चालतं ते याचंच आजचं रूप. शंभर कंपन्या, प्रत्येकीचा वेगळा अंदाज. कोणता रंग चालेल, कोणतं माप संपेल, हे कोणालाच ठाऊक नाही, आणि माल कमी पडला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही धास्ती प्रत्येकीला. मग सगळ्याच जास्त शिवतात. महागड्या मालात आणखी एक कारण असतं. बरबेरी या ब्रिटिश कंपनीच्या अहवालातून २०१८ साली असं बाहेर आलं की तिने एका वर्षात दोन कोटी शहाऐंशी लाख पौंडांचा माल नष्ट केला होता. स्वस्तात विकला तर नावाची किंमत उतरते, म्हणून. ओरड झाली तेव्हा कंपनीने ते थांबवलं. कुर्ता नष्ट करणं 'स्वस्त पडतं' असं तुला सांगतात ना, त्यात कोणाचा खर्च मोजलेला नाही ते बघ. आमच्या आईच्या बोटांचा नाही, विहिरीच्या पाण्याचा नाही, तो कुर्ता जिथे जळतो किंवा पुरला जातो तिथल्या वस्तीचा नाही.

आता दुसरी बाजू. आजोबांना हे वाचून दाखवशील तेव्हा जरा हळू वाच. त्यांनी आयुष्यभर ज्यावर विश्वास ठेवला त्याबद्दल मला आदर आहे.

सोव्हिएत रशियात दुकानं रिकामी होती हे अर्धं खरं. हवी असलेली वस्तू नसायची, पण नको असलेली पडून असायची. १९६०च्या सुमारास तिथे न खपलेल्या कपड्यांचे आणि जोड्यांचे ढीग इतके वाढले की सरकारलाच काही तरी करणं भाग पडलं. १९६४मध्ये मॉस्कोतला 'बोल्शेविचका' आणि गॉर्कीतला 'मायाक' हे कपड्यांचे दोन कारखाने निवडून प्रयोग केला गेला: वरून येणाऱ्या आकड्याऐवजी दुकानांकडून येणाऱ्या मागणीप्रमाणे शिवायचं. म्हणजे त्याआधी कसं शिवत होते ते कळतं. कारखान्याला नग ठरवून दिलेले असत. नग पूर्ण झाले की बक्षीस. तो कोट कोणी अंगात घालतो की नाही, हे कारखान्याच्या कामात धरलेलंच नव्हतं.

आकडा ज्या मापाचा, तशी वस्तू. ख्रुश्चेव्हनी स्वतः १९५९ साली जाहीरपणे तक्रार केली होती की झुंबरांचं उद्दिष्ट टनांत ठरवल्यामुळे कारखाने जड-जड झुंबरं बनवतात. झुंबरापर्यंत ठीक होतं. पण हीच रीत समुद्रात गेली. सोव्हिएत जहाजांना देवमाशांचं उद्दिष्ट ठरवून दिलेलं असे आणि ते पार केलं की पुढच्या वर्षी वाढवलं जाई. दक्षिण गोलार्धात १९४८ ते १९७३ या काळात त्यांनी कुबड्या जातीचे ४८ हजारांवर देवमासे मारले. जगाला कळवलेला आकडा होता २,७१०. एवढ्या मांसाला नि चरबीला देशात मागणीही नव्हती. कित्येक धडं चरबी सोलून समुद्रात टाकून दिली. नफा कमावणारं कोणी नव्हतं, जाहिरात नव्हती, फॅशन नव्हती, तरी हे घडलं.

पण मला जास्त बोलायचं आहे ते कापसाबद्दल.

उझबेकिस्तानात कापसाला 'पांढरं सोनं' म्हणतात. आमच्या विदर्भातही हाच शब्द. मध्य आशियात अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्या अरल समुद्राला मिळायच्या. १९६०च्या सुमारास अरल हे क्षेत्रफळाने जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं. मॉस्कोने ठरवलं की देशाला लागणारा कापूस इथे पिकवायचा. नद्यांना कालवे काढले. सगळ्यांत मोठा काराकुम कालवा १९५४पासून वाळवंटातून खणत नेला, तोही बहुतेक ठिकाणी अस्तर न लावता. वाळूत कालवा काढला की पाणी कुठे जातं हे आमच्याकडचा कोणताही कास्तकार सांगेल. शेतात पोचण्याआधीच त्याचा मोठा हिस्सा मुरून जाई. अरलला पाणी मिळेनासं झालं. १९८७च्या सुमारास त्याचे दोन तुकडे पडले. मोयनाक नावाचं भरभराटीचं मासेमारीचं बंदर होतं, तिथल्या होड्या वाळूत उभ्या राहिल्या आणि पाणी कित्येक किलोमीटर मागे गेलं. तळ उघडा पडला. त्यातलं मीठ आणि कापसावर फवारलेली औषधं वाऱ्याबरोबर उडून गावांवर बसायला लागली.

तरी आकडा वाढतच होता. १९५९ ते १९८३ अशी चोवीस वर्षं तिथे पक्षाचे प्रमुख असलेल्या शराफ रशिदोव्ह यांच्या काळात मॉस्कोने जास्त मागायचं आणि खालच्यांनी 'झालं' म्हणून कळवायचं, हे इतकं रुळलं की दरवर्षी लाखो टन कापूस निव्वळ कागदावर पिकला. त्याचे पैसेही दिले-घेतले गेले. चौकश्या लागल्या तेव्हा हे प्रकरण सगळ्या देशात गाजलं. मला यातलं सर्वांत वाईट वाटतं ते असं की खरा कापूस वेचायला शाळेतली मुलं, शिक्षक, डॉक्टर दरवर्षी कित्येक आठवडे शेतांत पाठवले जायचे. मी शिक्षिका होते. माझ्या वर्गातली बाकं वेचणीच्या दिवसांत रिकामी पडायची ती गरिबीमुळे. तिथे ती सरकारी हुकमाने पडायची.

आणखी एक गोष्ट तुझ्या मित्रासाठी. १९९१मध्ये सोव्हिएत संघ गेला, समाजवाद गेला, उझबेकिस्तान स्वतंत्र झाला. पण सरकारने ठरवून दिलेला कापसाचा कोटा आणि सक्तीची वेचणी पुढेही अनेक वर्षं चालूच राहिली. जगभरच्या कापड कंपन्यांनी बहिष्कार घातला. सक्ती थांबल्याची खात्री पटल्यावर तो २०२२मध्ये उठला. पाटी बदलली म्हणून रीत बदलत नाही.

याची एक छोटीशी झलक आमच्या घरानेही पाहिली आहे. महाराष्ट्रात १९७२पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. याला मी समाजवाद म्हणणार नाही, पण सरकार हा एकच गिऱ्हाईक असेल तर काय होतं ते तिथे दिसलं. योजना आली तेव्हा बाबांना फार हायसं वाटलं होतं, हे आधी सांगते. व्यापाऱ्याच्या काट्यावर दर क्विंटलमागे काही तरी कापलं जायचं, भाव ओठांवर एक नि हातात दुसरा असायचा, ते संपलं. ठरलेला भाव मिळायला लागला. त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आईच्या अंगावर नवं लुगडं आलं.

मग एका साली आम्ही बैलबंडी भरून एका खरेदी केंद्रावर गेलो. मी बारावीत होते, बाबांच्या जेवणाचा डबा घेऊन बसले होते. रांग कोसभर. केंद्राच्या अंगणात आधीच्या कापसाच्या गंज्या उभ्या, जिनिंग मागे पडलेलं, माल ठेवायला जागा नाही म्हणून काटा बंद. तीन रात्री आम्ही बंडीखाली झोपलो. तिसऱ्या रात्री अवकाळी पाऊस आला. ताडपत्री एकच होती. सकाळी वरचा थर पिवळा पडला होता. प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने हात घालून मूठभर बाहेर काढला आणि कवडीत, म्हणजे खराब मालात, टाकला. तो माणूस वाईट नव्हता, त्याने मान खाली घातली होती. गंज्या झाका, काटा चालू करा, हे ठरवायचा अधिकार त्याला नव्हता. ज्यांना होता ते रांगेत झोपलेले नव्हते. चुकारा हाती पडायला त्यानंतरही महिने लागले. बाहेरच्या राज्यात भाव चढला की वणी-पांढरकवड्याकडून रातोरात कापूस आदिलाबादेकडे जायचा, बाहेर भाव पडला की उलटा इकडे यायचा. पुढे योजनेचा तोटा हजारो कोटींवर गेला आणि २००० नंतरच्या वर्षांत सरकारची मक्तेदारी संपली. आता बाजार मोकळा आहे. त्या मोकळ्या बाजारात माझ्या भावाच्या कापसाचं काय होतं ते लिहायला घेतलं तर हे सदर पुरायचं नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. नासाडी दोन्हीकडे झाली, पण ती सापडते वेगवेगळ्या जागी. भांडवलशाहीत ती दुकानाच्या मागच्या दाराशी सापडते: तयार, चांगली, वापरण्याजोगी वस्तू, जी घ्यायला पैसेवालं गिऱ्हाईक नाही. सोव्हिएत पद्धतीत ती दुकानाच्याही आधी सापडते. कारखान्याने पुढे मिळेल न मिळेल म्हणून दाबून ठेवलेलं लोखंड, कोणी न घालणारा कोट, वाळूत मुरलेली नदी. हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी १९८०मध्ये हे फार नीट समजावलं. तोटा झाला तरी सरकार भरून देणार हे ज्या कारखान्याला ठाऊक असतं तो कितीही कच्चा माल मागत राहतो, म्हणून टंचाई संपत नाही आणि साठेही संपत नाहीत. तुझ्या मित्राला सांग, टंचाई आणि नासाडी सख्ख्या बहिणी असू शकतात. शिवाय रांगेत गेलेले माणसाचे तास हीसुद्धा नासाडीच. सोव्हिएत बायका घराबाहेर पडताना एक जाळीची पिशवी जवळ ठेवायच्या, तिचं नावच 'कदाचित' या अर्थाच्या शब्दावरून पडलं होतं. कदाचित आज काही मिळेल.

मला स्वतःला यात महत्त्वाची वाटते ती तिसरीच गोष्ट. अमेरिकेतलं कूळ, मोयनाकचा कोळी, बंडीखाली झोपलेले माझे बाबा, यांपैकी कोणीही काय पिकवायचं, किती, आणि उरलं तर काय करायचं हे ठरवलेलं नव्हतं. नुकसान मात्र त्यांनीच सोसलं. अमेरिकेच्या कुळांना निदान संघटना काढता आली, मारहाण सोसून का होईना. मोयनाकच्या कोळ्याला आपल्या समुद्राबद्दल मोठ्याने बोलायचीही सोय नव्हती, आणि म्हणून ती चूक तीस वर्षं वाढत गेली. हा फरक लहान नाही. आजोबांशी बोलताना तो सोडू नकोस. ते युनियनचे माणूस आहेत, त्यांना बोलायच्या सोयीची किंमत तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळते.

तुझ्या तिसऱ्या खोक्याचं काय? ते अटळ नाही. फ्रान्सने २०२०मध्ये कायदा करून न खपलेले कपडे आणि इतर वस्तू नष्ट करायला बंदी घातली, ती २०२२पासून लागू झाली. युरोपीय संघाने २०२४मध्ये असाच नियम केला, त्यानुसार मोठ्या कंपन्यांना जुलै २०२६पासून न खपलेले कपडे आणि जोडे नष्ट करता येणार नाहीत. हे देश समाजवादी झालेले नाहीत. त्यांनी एवढंच केलं की 'स्वस्त पडतं' या हिशेबात बाहेर ठेवलेला खर्च आत आणला. आपल्याकडे बोहारीण जुन्या लुगड्यावर भांडं देऊन जायची, आणि पानिपतात आजही जगभरचे टाकलेले लोकरी कपडे फाडून, पिंजून, सूत काढून त्यांच्या घोंगड्या बनतात. कापड वाया न घालवायचं कसब आपल्याकडे आहे. तुझ्या हाताखालून रोज किती नग तिसऱ्या खोक्यात जातात याचा आकडा कंपनीने जाहीर करावा, ही मागणी कामगारांनी करण्यासारखी आहे. आजोबांना विचार, अशी मागणी लिहायची कशी. त्यांना ते येतं.

प्रश्न : जुलै २०२३मध्ये टोमॅटोचा भाव बघून आम्ही जुन्नरला दीड एकर लावला. आमचा माल निघेपर्यंत क्रेटमागे तोडणीची मजुरीही सुटेना. शेवटी बांधावर ओतला. सरकारनेच कोणी किती लावायचं ते ठरवून दिलं तर हे थांबणार नाही का?
— एक शेतकरी बहीण, जुन्नर तालुका

उत्तर : ताई, तुमच्या बांधावरचा तो लाल ढीग मला दिसतो आहे. जुलैत किलोला शंभराच्या वर गेलेला टोमॅटो सप्टेंबरमध्ये रस्त्याकडेला पडलेला सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. यात तुमची चूक नाही. गेल्या हंगामाचा भाव पाहून सगळे एकदम लावतात, सगळ्यांचा माल एकदम येतो, भाव पडतो, पुढच्या खेपेला सगळे सोडतात, भाव चढतो. निकोलस कॅल्डॉर या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ साली या फेऱ्याला कोळी या किड्याच्या जाळ्याचं नाव दिलं, कारण आलेखावर त्याची आकृती तशीच उमटते.

कोणी किती लावायचं हे हुकमाने ठरवलं तर काय होऊ शकतं ते वर उझबेकिस्तानात बघितलंच. मला त्याऐवजी आणंदचं उदाहरण जवळचं वाटतं. खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी १९४६ साली त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने दूध संघ काढला. त्यांची अडचण तुमच्यासारखीच होती. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध द्यायच्या, मुंबईची गरज मात्र बारा महिने सारखी, म्हणून हिवाळ्यातलं जादा दूध घ्यायला कोणी तयार नसायचं. त्यांनी म्हशी कमी केल्या नाहीत. १९५५मध्ये स्वतःचा भुकटी आणि लोण्याचा कारखाना उभा केला. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असं तेव्हा तज्ज्ञ सांगत होते, ती हरिचंद दलाया यांनी करून दाखवली. हिवाळ्याचं दूध उन्हाळ्यात वापरता आलं, आणि कारखाना दूध घालणाऱ्यांचाच असल्यामुळे 'आज दूध नको' म्हणणारं कोणी उरलं नाही.

पुढची गोष्ट मला फार आवडते. युरोपात सरकारी हमीभावामुळे लोण्याचे आणि दूधभुकटीचे डोंगर साचले होते. १९७३मध्ये त्यांनी दोन लाख टन लोणी सोव्हिएत संघाला मातीमोलाने विकलं. भांडवलशाहीचं जादा झालेलं लोणी समाजवादाच्या टंचाईत गेलं, आणि युरोपातली गृहिणी महाग लोणी घेतच राहिली. असाच साठा भारतावर स्वस्तात ओतला गेला असता तर आपला दूधवाला शेतकरी उठला असता. वर्गीस कुरियन यांनी ते ओळखलं. ती भुकटी आणि लोणी जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत दान म्हणून घेतलं, इथल्या दुधाचा भाव पडणार नाही अशा दराने विकलं आणि त्या पैशातून १९७०पासून दुधाचा महापूर योजना उभी राहिली. युरोपात ओझं झालेल्या भुकटीतून आपल्याकडे गावोगावच्या दूध संस्था उभ्या राहिल्या.

टोमॅटो दुधासारखा नाही हे मला कळतं. रोज पैसे देत नाही, गर काढायच्या कारखान्याला वेगळ्या जातीचा टोमॅटो लागतो, आणि तो कारखाना वर्षातले काही महिनेच चालतो. तरी तुमच्या भागात शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर लावणीच्या आधी एक काम करून बघा: कोणत्या गावात किती रोपं गेली याचा आकडा रोपवाटिकांकडून गोळा करून फळ्यावर लिहायचा. हुकूम कोणालाच नाही. पण दीड एकर लावायचा की अर्धा, हे त्या फळ्याकडे बघून तुम्ही ठरवलं असतं.

प्रश्न : आज संगणकाला कोण काय घेतं ते क्षणात कळतं. मग नियोजनाचा जुना दोष उरतोच कुठे?
— एक संगणक अभियंता, पुणे

उत्तर : हा विचार जुना आहे आणि तो करणारी माणसं मोठी होती. सोव्हिएत संघात व्हिक्टर ग्लुश्कोव्ह यांनी १९६०च्या दशकात सगळ्या देशाचे कारखाने संगणकांनी जोडायचा आराखडा मांडला होता. खात्यांच्या आपसातल्या ओढाताणीत त्याला पैसे मिळाले नाहीत. चिलीत आयेंदे यांच्या समाजवादी सरकारने १९७१मध्ये स्टॅफर्ड बिअर या ब्रिटिश तज्ज्ञाला बोलावून कारखाने टेलेक्सने, म्हणजे तारेवरून टाइप केलेले निरोप पाठवणाऱ्या यंत्रांनी, जोडायला घेतले. ऑक्टोबर १९७२मध्ये ट्रकमालकांनी संप केला तेव्हा त्याच टेलेक्सवरून कुठे ट्रक चालू आहेत, कुठे काय संपलं आहे हे कळत गेलं आणि माल हलत राहिला. पुढच्या सप्टेंबरमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि तो प्रयोग संपला.

संगणक हिशेब झपाट्याने करतो, त्याबद्दल शंका नाही. पण रशिदोव्हच्या काळातला कागदावरचा कापूस त्यानेही तितक्याच झपाट्याने मोजला असता, आणि भिवंडीच्या त्या गोदामात संगणकच आहे, तरी तिसरं खोकं भरतंच आहे. चिलीत ते संपाचे जवळजवळ चार आठवडे निभावलं, कारण टेलेक्सच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला खोटं कळवून काही मिळणार नव्हतं, आणि खरं कळवलं तर त्याच्याच गावात पीठ पोचणार होतं.

उभ्या राहिलेल्या उसाबद्दल तीन पत्रं आली आहेत. ती पुढच्या अंकात घेते.